दार कुणी लावलं?

गेल्या जानेवारीत चार दिवसांची रजा काढून मी सिहोऱ्याला गेले होते. सिहोरा म्हटलं की आपल्याकडे भंडारा जिल्ह्यातलं सिहोरा आठवतं. हे ते नव्हे. हे मध्य प्रदेशातलं, जबलपूरहून कटनीकडे जाताना साधारण चाळीस किलोमीटरवर लागणारं तालुक्याचं गाव. रेल्वे स्टेशनचं नाव सिहोरा रोड, आणि स्टेशनाला लागूनच खितौला. त्या दिवसांत या भागात जिकडे पाहावं तिकडे मटार. रस्त्याच्या कडेला भरलेली पोती, टेम्पोवर पोती, घराघरांच्या ओट्यावर मटार सोलत बसलेल्या बायका.

माझी आत्याही तेच करत बसली होती. वय शहात्तर. शाळेतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण आवाज अजून वर्गातलाच. मला पाहून म्हणाली, "आलीस? हातपाय धू आणि जेवायला बस. बोलणं नंतर."

पानं वाढली. मटारची उसळ, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी हात पुढे करणार तोच आत्या म्हणाली, "आज तू प्रार्थना कर गं. कितीतरी दिवसांत तुझ्या तोंडून ऐकली नाही."

मी डोळे मिटले, हात जोडले. आणि वाचकहो, काय सांगू, मला शब्दच सुचेनात. लहानपणी चौथीत असल्यापासून जेवणाआधीची प्रार्थना मी करत आले. झोपेतही म्हटली असती. पण त्या दुपारी "हे प्रभो" एवढं म्हणून मी थांबले. अर्धा मिनिट गेला असेल, मला तो तासाभराचा वाटला. शेवटी आत्यानंच दोन वाक्यांत प्रार्थना संपवली आणि "आमेन" म्हणून भाकरी मोडली. मला काही विचारलं नाही. पण तिच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं, हे मला कळलं.

एक साधा प्रश्न

शब्द का सुचले नाहीत, ते मला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी नव्या शहरात आले. राहायला जागा शोधत होते. एक खोली फारच आवडली. स्वच्छ, हवेशीर, खाली मालकीणबाई राहणाऱ्या, ऑफिस जवळ. काकूंनी चहा दिला, माझं नाव विचारलं. आमचं आडनाव असं, की महाराष्ट्रात ते कुठल्याही समाजात सापडावं. काकूंनी सहज विचारलं, "म्हणजे तुम्ही कुठले?"

प्रश्न साधा होता. कदाचित त्यांना फक्त गावच विचारायचं असेल. पण त्याआधी दोन ठिकाणी, मी ख्रिस्ती असल्याचं कळल्यावर, "जागा भाचीला द्यायची ठरलीय" असं उत्तर मला मिळालं होतं. तेव्हा मी म्हटलं, "आम्ही नागपूरकडचे." यात खोटं काहीच नव्हतं. काकू हसल्या आणि जागा माझी झाली.

पुढचं सारं त्या एका उत्तरातून आपोआप होत गेलं. भिंतीवर लावायला आणलेला लाकडी क्रूस बॅगेतच राहिला. टेबलावरचं पवित्र शास्त्र कपाटात गेलं, तिथून साड्यांच्या खाली. रविवारी सकाळी उपासनेला निघाले की जिन्यात काकू विचारायच्या, "आज सुट्टीच्या दिवशी कुठे?" मी म्हणायची, "ऑफिसचं काम." असं दर रविवारी खोटं बोलून देवाच्या घरी जायचं, हे मनाला बोचू लागलं. मग मी काय केलं? खोटं बोलणं सोडायचं, की जाणं सोडायचं? मी जाणं सोडलं.

ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडल्यावर मान खाली घालून क्षणभर थांबायची माझी सवय होती. तीही गेली. एका मैत्रिणीनं विचारलं होतं, "डोकं दुखतंय का?" मी म्हटलं, "हो." दुसऱ्या दिवसापासून मी थांबणंच बंद केलं. नाताळला काकूंना सांगितलं, मैत्रिणीकडे पार्टी आहे.

यात मला कुणी धमकावलं का? नाही. कुणी अडवलं का? नाही. काकूंनी तर मला तापात पेज करून दिली होती. मी जे जे सोडलं ते माझ्या हातानं सोडलं, आणि प्रत्येक वेळी मनाला समजावलं, "एवढ्यानं काय बिघडतं? देव तर मनात आहे." पण मनातही तो हळूहळू पाहुण्यासारखा झाला होता. कधीतरी यायचा, कोपऱ्यात बसायचा, मी कामात असायची.

आजोबांचं दार

रात्री अंगणात शेकोटीपाशी बसलो असताना हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती रागावेल, निदान दोन उपदेशाच्या गोष्टी तरी सांगेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांचं माहीत आहे का तुला?"

मला जुजबी माहीत होतं. आमचं घराणं नागपूरचं. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये त्या भागात आले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून नागपुरात आहे. त्या मिशनच्या शाळेत आमचे पणजोबा शिकले. आजोबा १९५२ मध्ये सरकारी शाळेत मास्तर म्हणून सिहोऱ्याला आले. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होतं, आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं. आजोबा मात्र इथेच राहिले. गावाला ते "मास्साब" होते.

आत्या सांगू लागली, "मराठी उपासना इथे कुठली मिळायला? म्हणून बाबा रविवारी घरीच उपासना घ्यायचे. आम्ही पाच जण. बाबा पेटी वाजवायचे, आई झांजा. टिळकांची भजनं म्हणायचो. रस्त्याकडचं दार सताड उघडं असायचं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी बाबांना म्हणालं, 'मास्साब, रविवारी दार उघडं ठेवून काय चालतं हो तुमचं?' एवढंच. हसत म्हणालं. बाबाही हसले. पण पुढच्या रविवारी त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, वारा येतो."

"मग?"

"मग पेटी हळू वाजू लागली. मग पेटी बंदच. म्हणाले, भाता फाटलाय. मग गाणी नुसती वाचायची. मग एक रविवार आड. बाबांची बदलीची वर्षं होती, आम्ही तिघं शिकत होतो. भीती कशाची, तर नावही सांगता येत नव्हतं. पण ती घरात येऊन बसली होती. वर्ष-दीड वर्षात आमच्याकडे रविवार म्हणजे फक्त कपडे धुण्याचा दिवस झाला."

आत्यानं शेकोटीत काटकी सरकवली.

"शेजारी एक म्हातारी राहायची. विधवा, तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास न घेणारी. एक दिवस ती बाबांना अडवून म्हणाली, 'मास्साब, अब भजन काय नईं होत?' इकडच्या बोलीत 'काय' म्हणजे 'का'. म्हणाली, मी तर दर रविवारी माझ्या अंगणात बसून ऐकायची, भाषा कळायची नाही, पण बरं वाटायचं. बाबा घरी आले आणि पेटीसमोर बसून रडले. मी बाबांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, 'दार मी लावलं. कुणी लावायला सांगितलं नव्हतं.'"

पुढच्या रविवारी दार उघडलं. पेटीचा भाता फाटलेला नव्हताच.

मला वाटलं गोष्ट इथे संपली. पण आत्या शाळेतली बाई. अर्धवट धडा शिकवायची नाही. म्हणाली, "सगळं गोड झालं असं समजू नकोस. दार उघडल्यावर दोन घरांनी आपली मुलं बाबांच्या शिकवणीला पाठवणं थांबवलं. तेवढे पैसे गेले. त्या वर्षी मला नवा स्वेटर मिळाला नाही. म्हणजे भीती अगदीच खोटी नव्हती. पण बाबा म्हणाले, स्वेटरावाचून एक थंडी निघते, गाण्यावाचून दीड वर्ष काढलं ते जड गेलं."

भीती जुनीच आहे

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. भीतीपोटी श्रद्धा लपवणारे आम्ही काही पहिले नव्हतो.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस मंडळी नावाची एक गुप्त सभा स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे पुढारी. माणसामाणसांत जातिभेद नको, देव एकच, असं या मंडळींचं म्हणणं. सभासद होताना ख्रिस्ती माणसानं भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा, असा त्यांचा रिवाज होता. त्या काळी ही फार मोठी गोष्ट. पण सारं बंद दाराआड. संख्या पुरेशी वाढली की उघड करू, असा बेत होता. ती वेळ आलीच नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची नावं असलेलं पुस्तक चोरीला गेलं, नावं फुटणार या धास्तीनं मंडळी पांगली आणि सभा मोडली. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला, तो मात्र उघड्या दारानं.

या परमहंस मंडळीत एक तरुण होता, बेळगावचा बाबा पदमनजी. जन्म १८३१ चा. मिशनच्या शाळेत शिकताना त्याचं मन ख्रिस्ताकडे वळलं. पण मन वळणं आणि पाऊल उचलणं यांच्यामध्ये घर होतं, आईवडील होते, जात होती. मनानं एकीकडे आणि वागण्यानं दुसरीकडे, अशी ओढाताण त्यानं सोसली. अखेर १८५४ मध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतला. पुढे १८५७ मध्ये याच बाबा पदमनजींनी विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' लिहिलं, जी मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी आपली ही वाटचाल मांडली आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही तसंच. राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबल वाचायला सांगितलं, ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत काय पडली, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. संसार दुभंगला. लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, सोवळंओवळं पाळत राहिल्या. पुढे त्यांचं मन आपल्या पावलांनी बदललं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण मला त्याहून मोठी वाटते ती १९१७ ची गोष्ट. मिशनची नोकरी, पगार, मान, सगळं व्यवस्थित असताना टिळकांनी ते सोडलं आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. पहिल्या वेळी त्यांनी जातीची भीती सोडली होती, दुसऱ्या वेळी सुरक्षितपणाची. हे दुसरं सोडणं अधिक कठीण असतं, असं मला आता वाटतं.

आणि शास्त्रात तर हे पानोपानी आहे. निकदेम रात्री येशूकडे आला. अरिमथाईकर योसेफ भीतीमुळे गुप्तपणे शिष्य राहिला. पेत्रानं शेकोटीच्या उजेडात एका दासीसमोर आपल्या गुरूची ओळख नाकारली, आणि त्याची गालीली बोलीच त्याचा घात करत होती. कोंबडा आरवल्यावर तो रडला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पेत्र पुन्हा एकदा घसरला, ते फारसं कुणी सांगत नाही. अंत्युखियात तो परराष्ट्रीय बांधवांच्या पंक्तीला आनंदानं जेवत होता. यरुशलेमहून काही कडवे लोक आल्यावर त्यांच्या भयानं तो पंक्तीतून हळूच बाजूला झाला. त्याचं पाहून इतरही उठले. पौलानं त्याला सर्वांसमोर खडसावलं. म्हणजे एवढा मोठा प्रेषित, वधस्तंभ पाहिलेला, पुनरुत्थान पाहिलेला. आणि त्याचं पाऊल घसरलं ते कुठे, तर जेवणाच्या पंक्तीत. माझ्यासारखंच!

त्यात आणखी एक गोष्ट आहे. पेत्र एकटा उठला नाही, त्याच्यामागे इतर उठले. आपली तडजोड आपल्यापुरती राहत नाही. आजोबांनी दार लावलं तेव्हा आत्याचंही गाणं थांबलं, आणि शेजारच्या अंगणातल्या म्हातारीचंही ऐकणं थांबलं.

तडजोड कशाला म्हणायचं?

मग प्रश्न पडतो, चारचौघांत राहायचं तर थोडं जुळवून घ्यायला नको का? नक्कीच घ्यावं. आमच्याकडे दिवाळीचा फराळ शेजारून येतो आणि नाताळच्या करंज्या शेजारी जातात. शेजारच्या लेकीच्या हळदीला आत्या जाते, गणपतीच्या आरतीच्या वेळी बाजूला आदरानं उभी राहते. याला मी तडजोड म्हणणार नाही. हे शेजारधर्माचं प्रेम आहे.

फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. सारं ओवीत. टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. परक्या वेषातला ख्रिस्त त्यांनी मराठी माणसाच्या ओसरीवर आणून बसवला. त्यांनी भक्तीची भाषा बदलली, भक्ती सोडली नाही.

मग फरक ओळखायचा कसा? मला सापडलेली खूण साधी आहे. एखादी गोष्ट केल्यावर किंवा सोडल्यावर माणसं जवळ आली, तर ते प्रेमानं केलेलं असतं. आणि ती केल्यावर आपल्याला लपावं लागलं, एका खोट्यासाठी दुसरं खोटं बोलावं लागलं, तर ते भीतीनं केलेलं असतं. मी तीन वर्षं काकूंच्या घरात राहिले, पण त्यांना माझी ओळखच नव्हती. ज्या मुलीला त्या पेज करून देत होत्या ती अर्धीच मुलगी होती. मी देवापासून लपत होते असं मला वाटत होतं. खरं तर मी काकूंपासूनही लपत होते.

हे लिहिताना एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. प्रत्येकाची परिस्थिती माझ्यासारखी नसते. काहींच्या वाट्याला खरोखरीचा छळ येतो, नोकरी जाते, घर तुटतं. तिथे कुणी जपून वागलं तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण माझी भीती त्या जातीची नव्हती. माझी भीती होती ती खोली जाण्याची, कँटीनमध्ये कुणी वळून पाहण्याची. एवढ्याशा भीतीला मी एवढं मोठं भाडं भरत होते.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे गेले. आत्यानं दिलेले मटार घेऊन गेले होते, म्हणजे बोलायला काहीतरी निमित्त. मटार दिले, चहा झाला, मग म्हटलं, "काकू, एक सांगायचं राहून गेलं. तीन वर्षं राहून गेलं. आम्ही ख्रिस्ती आहोत. रविवारी मी ऑफिसला जात नव्हते, चर्चला जात होते. नंतर तेही सोडलं."

काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मटारची एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाल्या, "खोटं का बोललीस गं?"

"खोली जाईल म्हणून."

"बरं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

नंतर दोन-तीन दिवस त्या माझ्याशी जरा बेतानंच बोलल्या. त्यांना माझा धर्म लागला की माझं खोटं, हे मी अजून विचारलेलं नाही. करार मार्चअखेरपर्यंतचा होता. तो वाढेल की नाही, हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं. त्या रात्री मी बॅगेतून क्रूस काढला, धूळ पुसली आणि भिंतीवर लावला. खिळा ठोकायला काकूंची परवानगी लागते, म्हणून सध्या जुन्याच खिळ्यावर, कॅलेंडरच्या जागी.

रविवारी सकाळी पवित्र शास्त्र हातात घेऊन जिना उतरले. काकू दारात रांगोळी काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. या वेळी त्यांनी "कुठे?" विचारलं नाही. म्हणाल्या, "येताना कोथिंबीर आण. मटारची उसळ करतेय."

दुपारी वाटीभर उसळ वर आली. मी पान वाढून घेतलं, डोळे मिटले. शब्द अजून अडखळतच आले. पण आले.